उच्च शिक्षण आणि समाजऋण

[संस्थेच्या वार्षिक संमेलनातील गुणगौरव समारंभात केलेले भाषण]



 सारी हयात हातात खडू घेऊन वर्गात उभे राहण्यात गेल्यामुळे, समोर श्रोते दिसले की घड्याळाचे भान राहत नाही, हा शिक्षकी पेशाचा दोष आम्हांसही जडलेला आहे. परंतु पुढच्या रांगेत बक्षिसाची वाट पाहत बसलेली लहान मुले आम्हांस दिसत आहेत. म्हणून विषय सोडून भटकणार नाही, एवढे आश्वासन प्रारंभीच देतो.

आताच चिटणीसांनी गुणवंत विद्यार्थ्यांची यादी वाचून दाखविली. आम्ही शिकत होतो त्या काळी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाचे नाव पुकारले की सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होई. पदवीधर तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असत. आजच्या यादीत वैद्यक, स्थापत्य, विधी, संगणक, हिशेबशास्त्र अशा नानाविध शाखांतील नावे आली, आणि त्यांत मुलींची नावे मुलांपेक्षा अधिक होती. ते ऐकून आमचा ऊर भरून आला. परंतु त्याबरोबरच एक प्रश्न मनात उभा राहिला. तो असा की, ही जी विद्या आपल्या मुलांनी मिळविली, ती कोणाच्या आधाराने मिळविली, आणि तिची परतफेड कोणाकडे व कोणत्या रीतीने करावयाची? आजचे आमचे भाषण या एकाच प्रश्नाभोवती आहे.

आपल्या शिष्यवृत्ती फंडाचा इतिहास येथील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. लग्नकार्यात फंडासाठी काढून ठेवलेली रक्कम, मुंजीच्या वेळी दिलेली देणगी, नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारातून पाठविलेले पैसे, अशा थेंबाथेंबाने हा फंड साचला. ज्यांनी दिले त्यांतील कित्येकांच्या घरी स्वतःची मुले पुढे शिकू शकली नाहीत. तरी त्यांनी दुसऱ्याच्या मुलासाठी दिले. हे ऋण उघड दिसते. परंतु याहून मोठे असे एक ऋण आहे, की जे कोणत्याच पावतीपुस्तकात नोंदलेले नसते. ज्या महाविद्यालयात आपला मुलगा शिकला, त्या महाविद्यालयास सरकारी अनुदान मिळते. ते अनुदान करांतून येते. आणि काडीपेटी विकत घेणारी मजूर बाईसुद्धा कर भरीतच असते. म्हणजे जिने महाविद्यालयाची पायरी कधी पाहिली नाही, तिनेही आपल्या मुलाच्या शिक्षणास हातभार लावलेला आहे. ती कोणत्या ज्ञातीची, हे आपण कधी विचारले नाही, आणि तिनेही आपणांस विचारले नाही.

ज्ञातिसंस्थांचा जन्म कोणत्या हेतूने झाला, हे येथे आठवणे उचित होईल. कोल्हापुरास राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू करविले, आणि पुढे जैन, लिंगायत, मुसलमान इत्यादी समाजांची वसतिगृहे त्यांच्या उत्तेजनाने उभी राहिली. ज्या मुलाला शहरात राहावयास जागा नाही, त्याला निदान आपल्या माणसांचे छप्पर मिळावे, हा त्यातला हेतू. परंतु छप्पर हे उन्हापावसापासून रक्षणासाठी असते. बाहेर पडू नये म्हणून नसते. अशाच एका वसतिगृहात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, आणि तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. हात मळवून शिकणे हा त्या वसतिगृहाचा धर्मच होता. ज्ञातीच्या छपराखाली वाढलेला माणूस केवढे मोठे अंगण निर्माण करू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण आमच्या माहितीत नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. विद्यापीठांच्या जगात गेली काही दशके एका विचाराची चर्चा चालू आहे. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात त्यास ‘सर्व्हिस लर्निंग’ असे नाव मिळाले. आपण त्यास ‘सेवेतून अध्ययन’ म्हणू. विचार सोपा आहे. विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासाचा विषय घेऊन समाजात जावे, तेथील लोकांची जी खरी नड असेल तीत त्या विषयाचा उपयोग करावा, आणि जे अनुभवास येईल ते परत वर्गात आणून त्यावर विचार करावा. नुसती सेवा केली आणि शिकला काही नाही, तर ते श्रमदान झाले. नुसता शिकला आणि लोकांच्या हाती काही पडले नाही, तर ते लोकांच्या वेळेवर केलेले स्वतःचे काम झाले. दोन्ही एकत्र आली तरच तो विचार पुरा होतो. श्रमदान वाईट नव्हे, आणि पाहणीही वाईट नव्हे. परंतु एकीवाचून दुसरी लंगडी राहते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या हातून घडलेल्या एका चुकीतून शिकलो. ती चूक आज आपल्यापुढे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही, कारण तिने आम्हांस जन्मभर पुरेल एवढे दिले.

महात्माजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. प्रारंभी देशातील ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४०,००० विद्यार्थी तीत होते. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. त्या दिवसांत धान्यासाठी लागलेल्या रांगा आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडीत बसलेली माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना त्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयाचे शिबिर एका दुष्काळी खेड्यात भरले. आम्ही चाळीस विद्यार्थी होतो. गावच्या ओढ्यावर मातीचा बांध घालून पाणी अडवावयाचे, असे ठरले होते. कोणी ठरविले, ते आजही आम्हांस नीट सांगता येणार नाही. शहरातून येताना ते ठरवूनच आणलेले होते. दहा दिवस आम्ही कुदळी-फावडी चालविली, घमेली वाहिली. हातांस फोड आले. रात्री गाणी म्हटली. शेवटच्या दिवशी पाहुणे आले, नारळ फुटला, छायाचित्रे निघाली, आणि आम्ही धन्य होऊन परतलो.

श्रावणात आमच्यापैकी पाच-सहा जण ‘आपला बांध’ पाहण्यासाठी हौसेने पुन्हा गेलो. बांध नव्हता. पहिल्याच मोठ्या पावसात तो वाहून गेला होता, आणि त्याची माती खालच्या एका गरिबाच्या वावरात पसरली होती. आम्ही खजील होऊन उभे होतो. तेथे गुरे राखीत बसलेले एक म्हातारबाबा आमच्याजवळ आले आणि म्हणाले, “पोरांनो, तुम्ही मन लावून खपला, ह्यात वाद न्हाई. पर वढा हितं वळतो. पानी सारं ह्याच अंगाला धडका मारतं. आमी दोन पिढ्या बघतोय. बांध वरल्या अंगाला, त्या खडकाजवळ पायजे हुता.” आम्ही विचारले, “बाबा, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?” ते थोडे थांबले आणि म्हणाले, “तुमी इचारलं न्हाई. आन् आमाला वाटलं, शिकलेली मानसं हायती, त्यास्नी म्हाईत असंल.”

बंधुभगिनींनो, या उत्तराचा पहिला भाग आम्हांस बोचला, परंतु दुसरा भाग त्याहून खोल गेला. आम्ही विचारले नाही, हा आमचा उद्दामपणा झाला. परंतु त्यांना जे ठाऊक होते तेही आमच्या शिक्षणाच्या धाकाने त्यांच्या तोंडून निघाले नाही, ही शिक्षणाचीच हार नव्हे काय? जी विद्या जाणत्या माणसाला मुके करते, ती विद्या असून नसून सारखीच. त्या दिवसापासून आम्ही मनाशी एक गाठ बांधली, की कोणत्याही गावात गेल्यावर पहिला प्रश्न ‘आम्ही काय करू?’ हा नसावा. ‘तुम्हांला काय ठाऊक आहे?’ हा असावा.

गावाकडून शिकण्याचा हा प्रयत्न आपल्याकडे सर्वस्वी नवा आहे, असे मात्र नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा बारकाईने अभ्यास केला. तो १९१७ साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय मालेत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. १७७१ साली त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली, असे त्यांना आढळले. जमिनीचे तुकडे कसे पडत गेले आणि कर्ज कसे वाढत गेले, हे त्यांनी घरोघर हिशेब मांडून दाखविले. पुढे जातेगाव बुद्रुक या दुसऱ्या गावाचाही अभ्यास कानिटकरांच्या सहकार्याने झाला, व तो १९२१ साली प्रसिद्ध झाला. महाविद्यालयाने प्रयोगशाळेच्या भिंती ओलांडून चावडीवर जाऊन बसावे, याचा हा उत्तम पाठ होता. मात्र तो ग्रंथ इंग्रजीत होता. ज्यांच्या जमिनीचे व कर्जाचे आकडे त्यात होते, त्या शेतकऱ्यांस तो वाचता येण्याजोगा नव्हता. त्या काळाची ती रीत होती. त्यात त्या विद्वानांचा दोष काढणे योग्य नव्हे. परंतु आज, शंभराहून अधिक वर्षांनंतरही, आपली मुले गावात जाऊन माहिती गोळा करतात, ती प्रबंधात घालतात आणि गावास त्याचा पत्ता नसतो, ही गोष्ट मात्र दोषास्पद आहे.

दुसरे उदाहरण सेवाग्रामचे. राष्ट्रीय सेवा योजना ज्या वर्षी निघाली त्याच १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी तेथे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले. तेथील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रारंभीचे दिवस आश्रमाच्या वातावरणात काढावे लागतात, आणि त्यानंतर त्या तुकडीसाठी निवडलेल्या एका खेड्यात सुमारे पंधरवडाभर शिबिर होते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविलेली असतात, आणि शिबिर संपले तरी त्या घरांशी संबंध तुटत नाही. पुढेही भेटी चालू राहतात. या पद्धतीतील मर्म पाहा. रुग्णालयात रोगी डॉक्टरकडे येतो, तेव्हा तो फक्त रोग घेऊन येतो. घरी गेल्यावर मात्र चूल दिसते, पाण्याचा हंडा दिसतो, सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेल्या भाकरीवर भागविणारी बाई दिसते. रक्त वाढण्याच्या गोळ्या लिहून देणे सोपे; त्या गोळ्या ती बाई का घेत नाही, हे समजण्यास तिच्या ओसरीवर बसावे लागते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली असाच एक उपक्रम देशभरातील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात आणला, आणि त्यास ‘कुटुंब दत्तक’ योजना असे नाव दिले. हे नाव मात्र आम्हांस थोडे खटकते. अठरा वर्षांचा मुलगा पन्नाशीच्या गृहस्थाला दत्तक कसा घेणार? खरे तर ते कुटुंबच त्या मुलाला शिकवीत असते.

अभियांत्रिकीच्या क्षेत्रातही हे वारे पोहोचले आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये ग्रामीण भागास उपयुक्त अशा तंत्रविद्येसाठी १९८५ साली एक स्वतंत्र केंद्र सुरू झाले. तेथील विद्यार्थी खेड्यांत राहून पिण्याच्या पाण्याच्या योजना का बंद पडतात, यासारख्या प्रश्नांचा अभ्यास करतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सामाजिक जबाबदारीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२३ साली महाराष्ट्र शासनाने आखून दिलेल्या श्रेयांकांच्या रचनेत क्षेत्रप्रकल्प व समाजसंपर्क उपक्रम यांना जागा मिळाली. म्हणजे जे पूर्वी हौसेचे होते, ते आता गुणपत्रिकेत आले. याचा आम्हांस आनंद आहे, आणि थोडी भीतीही आहे. जी गोष्ट गुणांसाठी केली जाते, ती गुण मिळाले की संपते. एका दुपारी गावात जाऊन, हातात फलक धरून छायाचित्र काढून, सायंकाळी परत येणारी शिबिरे आम्ही पाहिली आहेत. अशाने ना गावाचे भले होते, ना विद्यार्थ्याचे.

आता आमच्या शिक्षकी जीवनातील एक अनुभव सांगतो. तो विशेषेकरून या सभेपुढे सांगावा असे वाटते, कारण त्यात ज्ञातीचा संबंध आला होता.

आम्ही तालुक्याच्या ठिकाणी भूगोल शिकवीत असू. १९९० नंतरच्या दशकात आमच्या विद्यार्थ्यांनी जवळच्या एका गावातील तीस-बत्तीस विहिरींच्या पाण्याची पातळी वर्षभर मोजली. साधने म्हणजे खुणा केलेली दोरी आणि तिला बांधलेला दगड. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुले जात, दोरी सोडीत आणि आकडा वहीत लिहीत. आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा आहे. त्या कातळात पाणी साठते ते वरच्या मुरमाड थरात आणि भेगांत; म्हणून शंभर पावलांच्या अंतरावरील दोन विहिरींपैकी एक माघात आटते आणि दुसरी वैशाखातही तग धरते. पुस्तकात हे होतेच. परंतु कोणती विहीर कधी आटते, हे गावातील बायकांना पुस्तकावाचून ठाऊक होते, आणि मुलांनी ते आधी त्यांच्याकडून लिहून घेतले. मोजमापाने त्यात एवढीच भर पडली, की कोणत्या महिन्यात पाणी किती हात उतरते हे आकड्यांत दिसू लागले. आम्ही ते आकडे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून शाळेच्या भिंतीवर लावले.

त्याच सुमारास गावातील एक बागायतदार पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ आपल्या उसासाठी नवी विहीर खोदण्याच्या विचारात होते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या साधनापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदण्यास बंदी करणारा १९९३ चा कायदा तेव्हा नुकताच झालेला होता. मुलांनी तो ग्रामसभेत वाचून दाखविला, आणि भिंतीवरील आकडे पुढे ठेवले. सभा तापली. अखेर ती विहीर तेथे झाली नाही. दूर, दुसऱ्या तुकड्यात झाली.

ते बागायतदार आपल्याच ज्ञातीचे, आणि नात्याने आमचे चुलतभाऊ. त्या रात्री ते आमच्या घरी आले. पाणी दिले तर घेतले नाही. उंबऱ्यातूनच म्हणाले, “दादा, आपलीच माणसं आपल्या मुळावर उठली, तर परक्यांना काय बोल लावायचा?” आम्ही म्हणालो, “अरे, त्या विहिरीचं पाणी सारं गाव पितं. उद्या ती आटली, तर हंडा घेऊन मैलभर जाणाऱ्या बायकांना मी काय सांगू?” ते काही न बोलता निघून गेले. पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आमच्या घरी आली नाही. आज ते हयात नाहीत. तो अबोला शेवटपर्यंत राहिला, आणि त्याचे दुःख आम्हांस आजही आहे. परंतु तोच प्रसंग पुन्हा आला, तर आम्ही मुलांना तो कायदा वाचण्यापासून थांबवू का, असे कोणी विचारले, तर त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. विद्या घेऊन समाजात उतरणे म्हणजे नुसते हार-तुरे घेणे नव्हे. कधी तरी त्या विद्येने दाखविलेले सत्य आपल्याच माणसास अप्रिय होते, आणि तेव्हा विद्यार्थ्याच्या पाठीशी कोणी उभे राहते की नाही, यावर सारे अवलंबून असते. आपल्या संस्थेने अशा वेळी उभे राहावे, ही आमची पहिली विनंती आहे.

या कार्यात मुलीही मागे नाहीत. वाणिज्य शाखेत शिकणारी, आपल्याच फंडातून साहाय्य मिळालेली एक विद्यार्थिनी गेल्या काही वर्षांत एका वस्तीतील महिला बचत गटाचे हिशेब लिहून देण्यास जात असे. गटातील कर्जावर महिना शेकडा दोन व्याज आहे हे पाहून तिने वर्षाचा हिशेब केला, आणि “अहो मावशी, हे तर वर्षाला शेकडा चोवीस झालं! बँकेपेक्षा कितीतरी जास्त,” असे कळवळून सांगितले. बायका हसल्या. एक जण म्हणाली, “बाई, ते व्याज सावकाराच्या घरात जातंय व्हय? आमच्याच डब्यात परत येतंय की.” गटाचे व्याज गटाच्याच भांडवलात भर घालते व ते सर्वांच्या मालकीचे होते, हे तिने परीक्षेसाठी पाठ केले होते, परंतु समजले ते त्या दिवशी. त्यानंतर तिने त्यांच्या वहीतील बेरजेच्या दोन जुन्या चुका शोधून दुरुस्त केल्या. त्यांनी तिला शिकविले, तिने त्यांना मदत केली. सेवेतून अध्ययन म्हणतात ते हेच.

या विचारावर काही आक्षेप येतात, आणि ते पालकांच्या तोंडून येतात म्हणून त्यांचा आदरपूर्वक विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, स्पर्धेच्या या दिवसांत मुलांना अभ्यासासच वेळ पुरत नाही. हे खरे आहे. परंतु आम्ही अभ्यास सोडून दुसरे काही करावयास सांगत नाही. जो अभ्यास आहे तोच चार भिंतींबाहेर एकदा तपासून पाहावा, एवढेच म्हणतो. दुसरा आक्षेप मुलींच्या सुरक्षिततेचा. तो तर रास्तच आहे, आणि त्याची सोय करणे हे मुलींचे काम नसून वडीलधाऱ्यांचे आहे. तिसरा आक्षेप असा की, आधी आपल्या ज्ञातीतील गरिबांचे पाहावे, मग गावाचे. आपल्या गरिबांकडे दुर्लक्ष करावे असे आम्ही कधीच म्हणणार नाही. परंतु ओढ्याचे पाणी आणि साथीचा रोग हे घराच्या दारावरील आडनाव वाचून आत येत नाहीत. गावाची विहीर आटली तर आपलीही घागर रिकामीच राहणार.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही नम्रपणे चार सूचना ठेवतो. पहिली, शिष्यवृत्तीच्या अर्जात एक रकाना वाढवावा: ‘आपल्या अभ्यासाच्या विषयातून आपण कोणाच्या कोणत्या कामी पडू इच्छिता?’ हे सक्तीचे नसावे. सक्तीने केलेली सेवा वेठीसारखी असते. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थी वर्षास १२० तास देतो. आपण त्याच्या निम्मे, म्हणजे साठ तास सुचवावेत. दुसरी, काम कोठे करावयाचे हे गावास किंवा वस्तीस विचारून ठरवावे, आणि तेथे ज्ञातीचा प्रश्न आणू नये. तिसरी, जे काही विद्यार्थ्यास आढळेल, ते त्याने प्रथम त्या गावातच, मराठीत, लोकांपुढे वाचून दाखवावे. चुकले असेल तर ते सांगतील. त्यानंतर त्याचा एक पानाचा वृत्तान्त आपल्या स्मरणिकेत छापावा. चौथी, येण्याजाण्याचे एस. टी. चे भाडे संस्थेने द्यावे, आणि मुलींच्या गटाबरोबर आपल्या महिला मंडळातील एक ज्येष्ठ भगिनी असावी. स्मरणिकेच्या जाहिरातींतून जे उत्पन्न येते, त्यातील थोडा भाग जरी यासाठी बाजूस काढला, तरी हा खर्च भागण्यासारखा आहे, असे आम्ही खजिनदारांशी बोलूनच सांगत आहोत.

विद्यार्थी मित्रांनो, आता शेवटचे दोन शब्द तुमच्याशी. आज तुमच्या हाती जे पाकीट पडेल, त्यावर एका दात्याचे नाव असेल. त्या नावाच्या मागे नाव नसलेली शेकडो माणसे उभी आहेत, हे विसरू नका. तुम्ही डॉक्टर व्हा, अभियंते व्हा, वकील व्हा, परदेशी जा. आम्हांस त्याचा अभिमानच वाटेल. परंतु जेथे जाल तेथे एखादा म्हातारबाबा ओढ्याच्या काठी गुरे राखीत बसलेला असेल. त्याला पाण्याची वाट ठाऊक असते. बांध घालण्यापूर्वी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याला विचारा. त्याने मोकळेपणी सांगितले, तर तुमचे शिक्षण सार्थकी लागले असे समजा.

 मुलांची बक्षिसे आता अधिक वेळ अडवून ठेवणे योग्य नव्हे.